बोळाकडची खिडकी

खिडक्या आपल्याच माणसाकडून बसवून घ्यायच्या, हा हट्ट माझा. सावद्यात आमचं घर अगदी रस्त्यावर. केळीचे ट्रक रात्रंदिवस जातात, धूळ ताटापर्यंत येते आणि मे महिन्यात घराची भट्टी होते. जुन्या लाकडी खिडक्या तर फुगून लागतही नव्हत्या. हे म्हणाले, जळगावहून कोणी मोठा मिस्त्री बोलावू. मी म्हटलं, माझा धाकटा भाऊ जीवराम चोपड्यात डबल काचेच्या खिडक्या बसवतो, मग परक्याच्या हाती घर कशाला द्यायचं? हे लगेच हो म्हणाले. माझ्या बोलण्याला लगेच हो म्हणणारा हा माणूस नव्हे, एवढं तरी माझ्या डोक्यात यायला हवं होतं.

जीवराम नमुने घेऊन आला. सरकणारी खिडकी सोयीची, पण तिच्या खाचेत धूळ साचते. दारासारखी उघडणारी घट्ट बसते. आणि तिसरी नुसतीच बंद काच, उघडतच नाही, आवाज सगळ्यात कमी तिच्यातून. बैठकीला मी बंद काच घेतली, झोपायच्या खोल्यांना दारासारखी. स्वयंपाकघराचं मात्र त्याला पुन्हा पुन्हा बजावलं: तिथली उघडलीच पाहिजे, आणि जाळीत वाटी जाईल एवढी जागा ठेव.

कारण बोळाच्या पलीकडे, हात लांब केला की पोचेल इतक्या जवळ, माझी धाकटी जाऊ नूतन राहते. भावाभावांची घरं वेगळी झाली, तरी आम्ही दोघींनी चुली वेगळ्या मानल्या नाहीत. तिची कळण्याची भाकरी इकडे यायची, माझं भरीत तिकडे जायचं. जुन्या खिडकीचा एक गज आम्ही त्यासाठीच काढून टाकला होता. हे केळीचे व्यापारी. यंदा नूतनच्या नवऱ्यानं, रोहिदासभाऊंनी, आपला माल ह्यांना न देता दुसऱ्याला दिला आणि ह्यांनी सख्ख्या भावाशी बोलणं टाकलं. मला बजावलं, त्या घराची पायरी चढायची नाही. तिकडे नूतनलाही तेच. फोन आला तर दोन्ही घरांत कुणाचा, कशाला, अशी चौकशी. आम्ही पायरी चढलो नाही. खिडकीबद्दल कोणी काही म्हटलं नव्हतं.

काम निघालं तेव्हा ह्यांनी मला शिरपूरला नणंदेकडे पाठवलं. घरभर धूळ होईल, तुला खोकला आहे, म्हणाले. मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. माझ्या खोकल्याची ह्यांना आठवण आहे, म्हणून दोन दिवस मी मिरवत होते.

परत आले तर घर शांत. रस्त्यावरून ट्रक गेला, तो नुसता दिसला. हौसेनं स्वयंपाकघरात गेले आणि जागीच थांबले. बोळाकडे एक सबंध काच. कडेकडेनं हात फिरवला, कडी नाही, बिजागरी नाही. मी जीवरामला हाक मारली. तो दाराशी आला, पण आत येईना.

"अक्का, जवाईना शबद मी कसा मोडू?" तो खाली बघत म्हणाला. "त्या बोलनात, आठे बंद काच लाव."

म्हणजे इथे बंद काच लावायला ह्यांनीच सांगितलं होतं. आमच्या माहेरी जावयाचा शब्द खाली पडू देत नाहीत. जावई आले की वडील स्वतःची खाट सोडून उठायचे, आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. परक्या मिस्त्रीनं निदान म्हटलं असतं की बाईंनी वेगळं सांगितलंय. जीवराम म्हणणार नाही, हे ह्यांना ठाऊक होतं. म्हणूनच तो लगेचचा हो. माझाच भाऊ त्यांनी माझ्याविरुद्ध वापरला, आणि त्यानं स्वतःला वापरू दिलं. ह्यांच्यापेक्षा मला त्याचाच राग जास्त आला. बैठकीतून ह्यांनी चहा मागितला. मी दिला नाही.

तेवढ्यात पलीकडे आपल्या खिडकीत नूतन आली. मी परतलेली दिसली म्हणून झाकलेली वाटी घेऊन आली असणार. नेहमीसारखा हात पुढे केला आणि वाटी काचेवर आपटली. तिनं काचेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिचे ओठ हलले. काय म्हणाली ते मला कळलं: "ताई, तुम्हीपण?"

"मी नाही गं, मी नाही!" मी ओरडले, काचेवर हात मारले. तिला एवढंच दिसलं असणार की मी आतून तिच्यावर हात उगारून ओरडते आहे. तिनं वाटी पदराआड घेतली आणि खिडकी लावून घेतली.

जीवराम पिशवी उचलून निरोप घ्यायला आला होता. काहीतरी चांगलं बोलावं म्हणून त्यानं काचेवर बोट वाजवलं. "आवाज मात्र येत नही ना, अक्का?"

"नाही रे," मी म्हटलं. "आणि जातही नाही."