विमानासाठी झाडलेला रस्ता

"हा येवढा रस्ता झाडतं कोन?" सासूबाईंनी विचारलं. कालगुर्ली गाव सोडल्यापासून गाडीत त्या प्रथमच बोलत होत्या.

"कोणी नाही, आई. वाराच झाडतो," मी म्हणालो.

त्यांना ते पटलं नाही. पुण्यात महापालिकेचे रस्ते झाडण्यात त्यांची हयात गेली होती. वाऱ्याच्या कामावर त्यांचा विश्वास नव्हता.

समोर ऑस्ट्रेलियातलं नलारबॉरचं पठार होतं. झाड नाही, घर नाही, रस्त्याला वळण नाही. चारी बाजूंनी आभाळ जमिनीला टेकलेलं. अशा ठिकाणी माणसांनी रस्ता केला आणि तो टिकवून धरला, याचं मला दर खेपेला नवल वाटतं. टिकवणाऱ्यांत माझी बायको प्रतीक्षा आहे, म्हणून जरा जास्तच. ती हायवेच्या देखभालीची इंजिनीअर. दोन आठवडे इथल्या कॅम्पवर, एक आठवडा घरी. लेकीचा रस्ता बघायचाच, असा पुण्याहून आलेल्या सासूबाईंनी हट्ट धरला आणि मी हॉस्पिटलच्या फार्मसीतून रजा काढली.

आमच्या घरी केर मी काढतो. प्रतीक्षा शाळेत जायला लागली तेव्हा सासूबाईंनी बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर तिच्याकडून शब्द घेतला होता: झाडू हातात धरायचा नाही, घरातसुद्धा नाही. आईने आणि आजीने धरला तेवढा बास. लग्न ठरताना हे ऐकून मला हसू आलं होतं. कारण कळलं आणि हसू पळालं.

काम चालू होतं तिथे आम्ही गाडी कडेला घेतली. भडक नारिंगी जॅकेट घातलेली प्रतीक्षा धावत आली.

"आई, दमलीस ना? हे बघ, इथून तिथपर्यंत माझी टीम."

सासूबाई रस्त्यावरच्या रुंद पांढऱ्या पट्ट्यांकडे बघत होत्या. "हे कशापायी?"

"इथे विमान उतरतं. कोणी सिरियस असलं की फ्लाइंग डॉक्टर येतात. तेवढ्यापुरता हायवे बंद करून रनवे करायचा."

"विनयराव, ही थट्टा करती का हो?"

मी काही बोलण्याआधी प्रतीक्षाचा रेडिओ खरखरला. पुढच्या रोडहाउसवर, म्हणजे पेट्रोलपंपाच्या धाब्यावर, एका ट्रक ड्रायव्हरला हार्ट अटॅक आला होता. त्याला इथे आणत होते आणि विमान निघालं होतं. फोरमन डॅरिल धावत आला. झाडायच्या मशीनचा पाइप फुटला होता. सकाळपासून कडेची खडी नीट करताना विमानाच्या सगळ्या धावपट्टीवर खडे उडाले होते.

"एक खडा जरी पंख्यात गेला ना, तर संपलं," प्रतीक्षा मला म्हणाली. "आणि पुढच्या स्ट्रिपपर्यंत नेलं तर तो माणूस टिकणार नाही."

ती यूटकडे, कामाच्या पिकअप गाडीकडे, गेली. मागच्या बाजूने तिने लांब दांड्याचे झाडू ओढून काढले, भराभर वाटले. शेवटचा एक तिच्या हातात राहिला. तेव्हा तिने आईकडे पाहिलं.

सासूबाईंनी तोंड फिरवलं, गाडीत जाऊन बसल्या आणि काच वर घेतली.

"सॉरी, आई," प्रतीक्षा म्हणाली. काचेमागे ते ऐकू जाणार नव्हतं. मग ती झाडायला लागली.

मीही लागलो. डॅरिल, दोन्ही रोलरवाले, ट्रॅफिक थांबवणारी मुलगी, थांबलेल्या ट्रकमधले दोघे, सगळे एका ओळीत. उन्हात डांबर तापलं होतं. एवढ्या अफाट माळावर आम्ही मूठभर माणसं खडे लोटत होतो. मला सासूबाईंचा राग आला आणि वाईटही वाटलं. प्रतीक्षा सगळ्यांच्या पुढे होती. तिला सवय नव्हती, तिचे हात सोलवटले होते, पण ती मान वर करत नव्हती.

आधी आवाज आला, मग ठिपका दिसला. आम्ही कडेला पळालो. विमान आभाळातून खाली आलं, रस्त्याच्या रेघेवर सरळ झालं आणि अलगद टेकलं. एकही खडा उडाला नाही.

रोडहाउसकडून आलेल्या गाडीतून स्ट्रेचर विमानात चढलं. दार लागायच्या आधी त्या ड्रायव्हरने हात थोडासा उचलला. विमान पुन्हा धावलं, उठलं आणि दिसेनासं झालं.

मागे वळून बघतो तर सासूबाई रस्त्यात उभ्या. कधी उतरल्या, कळलंच नाही. त्या खाली बसल्या, डांबरावरून तळवा फिरवला आणि उलटून पाहिला. पुण्यात मुकादम असंच बघायचा, असं त्यांनी मला एकदा सांगितलं होतं.

प्रतीक्षा झाडू पाठीमागे धरून शाळेतल्या मुलीसारखी उभी होती.

"चांगलं झाडलंस," सासूबाई म्हणाल्या.

प्रतीक्षाचे डोळे भरून आले.

"दे हिकडं. परत धरू नको."

त्यांनी झाडू तिच्या हातातून घेतला, नेऊन यूटमध्ये ठेवला. मग रस्त्याच्या मधोमध येऊन, कपाळावर हात धरून, विमान गेलं त्या बाजूला बघत राहिल्या. डॅरिलने अडवलेले ट्रक सोडायचा इशारा द्यायला हात वर केला होता. त्या बाजूला होईपर्यंत त्याने तो खाली न आणता तसाच धरून ठेवला.