कोंबडी संपेपर्यंतचा चमत्कार

"बावीस!"

"पंचेचाळीस!"

"अगं बाई, एकोणसत्तर!"

माझ्या पुढच्या खोलीत अर्धी गल्ली कोंबली होती आणि सगळे जण कॉम्प्युटरच्या पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा मोठ्याने वाचत होते. सेकंदाला किती चित्रं पडद्यावर येतात त्याचा तो आकडा. तो उतरला की गेम अडखळतो, चढला की सुरळीत धावतो. कित्येक महिने तो विशीतच रखडत होता. आणि आता क्वी गुरुजींनी दारातल्या पत्र्याच्या डब्यात कागदाचं ग्राफिक्स कार्ड जाळलं, तर आकडा सुसाट निघाला.

गेलेल्या माणसाला काही पोचवायचं तर आमच्याकडे त्या वस्तूची कागदी नक्कल जाळतात. हे कार्ड देखणं होतं. तीन पंखे रंगवलेले, वर सोनेरी अक्षरं, मागे दोन वर्षांची हमी. हमी कुठल्या दुकानात मागायची तेवढं छापलं नव्हतं.

"जाळलं की पोचलं," गुरुजी म्हणाले आणि त्यांनी नैवेद्याच्या कोंबडीची तंगडी उचलली. "दिएपचं तिकडचं मशीन ह्या मशीनला जोडलेलं आहे. तिकडे नवे गेम आलेत, तिचं मशीन पुरत नाही. मग ती चिडते आणि हे इकडे फणफणतं. पंख्याचा आवाज ऐकलात ना?"

"ऐकला हो," माझ्या सासूबाई हात जोडून म्हणाल्या. "लहानपणापासून अशीच. चिडली की नाकातून आवाज काढायची."

दिएप माझी बायको. मेंदूत रक्तस्राव होऊन गेली, त्याला वर्ष होत आलं होतं. हे मशीन तिने स्वतः जोडलेलं. सा देक शहरातलं एक गेमचं दुकान बंद पडलं, तिथले जुने भाग आणून. रोज संध्याकाळी ती त्यावर खेळायची, शिव्या द्यायची आणि खेळाचं रेकॉर्डिंग करून ठेवायची, आवाजासकट. तिचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही. सासूबाईंनी तिचा फोटो मशीनच्या बरोबर वर, फळीवर ठेवला होता. "तिच्या जागेवरच राहू दे तिला," असं म्हणून त्या तिथे दिवसातून तीनदा उदबत्त्या लावायच्या.

गुरुजींचा विधी ठरलेला. आधी मशीन बंद करायचं. बाजूचं झाकण काढायचं, आत्म्याला ये-जा करायला. उभा पंखा मशीनच्या तोंडावर लावायचा, म्हणजे मंत्र आतपर्यंत जातात. उदबत्ती विझेपर्यंत मंत्र, मग काहीतरी कागदी जाळायचं, मग मशीन चालू. झाकण मात्र कोंबडी संपेपर्यंत उघडं ठेवायचं. नंतर लगेच लावून टाकायचं, नाहीतर भलतेच आत्मे शिरतात. एका पौर्णिमेला कागदी मेमरी गेली, पुढच्या पौर्णिमेला कागदी प्रोसेसर. प्रत्येक वेळी आकडा चढायचा. गुरुजी ढेकर देऊन जायचे आणि आकडा पुन्हा विशीत.

ह्या वेळी हात पुसता पुसता ते म्हणाले, "ही सगळी वरवरची मलमपट्टी. वर्षश्राद्धाला हे मशीनच पोचवायला हवं. मी आश्रमात घेऊन जाईन. आणि तिच्या आवाजाची एकही नक्कल मागे ठेवायची नाही. आवाज राहिला की आत्मा अडकतो."

"गुरुजी, हा तर पत्रा आहे. जळणार कसा?" मी विचारलं.

"ते माझ्यावर सोडा."

"नाहीच जळालं तर बाजारात पोचवतील," कॉफीवाल्या साऊ काकू मागून म्हणाल्या. चारदोन लोक हसले, पण सासूबाई हसल्या नाहीत.

"लुआन," त्या मला म्हणाल्या, "सुटू दे रे तिला."

गुरुजींना मी तोंडावर खोटं म्हटलं असतं. पण सासूबाईंना काय म्हणणार? तुमची मुलगी अडकलेली राहू दे, मला तिचा आवाज हवाय?

मी डॉक्टर खुए यांना फोन केला. त्या दातांच्या डॉक्टर आणि खेळातल्या दिएपच्या जोडीदार. दोघींनी मिळून अनेकांना गोळ्या घातल्या होत्या. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "मशीनला ताप किती आहे?"

"म्हणजे?"

"पेशंट धापा टाकतोय आणि तुम्ही कुणीच ताप बघितला नाही?"

वर्षश्राद्धाला त्या दवाखान्याची बॅग घेऊनच आल्या. गल्ली जमली, कोंबडी शिजली, गुरुजी हातगाडीसकट हजर झाले. डॉक्टरांनी गेम चालू केला आणि पडद्यावर सगळ्या भागांच्या कामाचे आकडे उघडले.

"हे बघा. मेमरी निम्मी रिकामी आहे. ग्राफिक्स कार्ड जांभया देतंय, कारण त्याला कामच मिळत नाही. काम तुंबलंय प्रोसेसरपाशी, आणि तो आहे अठ्ठ्याण्णव अंश सेल्सिअसवर. जळू नये म्हणून तो आपला वेग आपणच कमी करतोय."

"तो तिचा संताप आहे," गुरुजी म्हणाले.

"मग शांत करा की. पण आज मशीन चालू राहील, झाकण बंद, पंखा दुसरीकडे."

"आत्म्याला वाट नको?"

"वर्षभर भिंतींमधून येतोय म्हणता, त्याला पत्र्याचं झाकण अडवतं?"

"करा की हो गुरुजी!" साऊ काकू ओरडल्या. "मंत्रात दम आहे ना?"

गुरुजींनी मंत्र म्हटले. मग आवाज चढवून म्हटले. या खेपेला कागदी पंखा जाळला. आकडा बावीस होता, तो एकोणीस झाला.

"इथे अविश्वासाची बाधा आहे," ते घाम पुसत म्हणाले.

"असेल. आता बाधेसकट बघू." डॉक्टरांनी मशीन बंद केलं, झाकण काढलं, उभा पंखा समोर लावला आणि एक उदबत्ती जळून संपेपर्यंत नुसत्या बसून राहिल्या. ना मंत्र, ना कागद. मशीन चालू केलं आणि आकडा चढत चढत एकोणसत्तरवर गेला. ह्या वेळी कुणीच मोठ्याने वाचला नाही.

मग मशीन पुन्हा बंद करून त्यांनी बॅगेतून दात बघायचा छोटा आरसा काढला आणि सासूबाईंना जवळ बोलावलं. प्रोसेसरवर धातूच्या पातळ पट्ट्या असतात, त्यांच्यामधून हवा जाते. तिथे हवेला जागाच नव्हती. राखाडी, चिकट थर पट्ट्यांवर गोधडीसारखा बसला होता. डॉक्टरांनी तो ब्रशने खरवडला आणि खोलीत वास सुटला. तो ओळखायला कुणाला सांगावं लागलं नाही. सासूबाईंच्या उदबत्तीचाच वास.

"म्हणजे," सासूबाई हळूच म्हणाल्या, "मीच तिचा श्वास कोंडला?"

"मशीनचा, मावशी. तिचा नाही. दिएपला आता गरम होत नाही, राग येत नाही. ती कुठे अडकलेली नाही. ती गेली."

सासूबाईंनी तो थर बोटांत चुरला. मग त्यांनी बाहीने डोळे पुसले आणि उठून फळीवरचा फोटो काढून समोरच्या भिंतीवर खिडकीपाशी लावला. एवढ्यात हातगाडीचं चाक करकरलं. गुरुजी निघाले होते.

"अहो, कोंबडी तर खाऊन जा!" साऊ काकूंनी हाक मारली.

डॉक्टरांनी प्रोसेसरची उष्णता पट्ट्यांकडे नेणारी, वाळून खडा झालेली पेस्ट पुसली आणि नवीन लावली. "टूथपेस्ट चालते का हो?" कुणीतरी विचारलं. "दातांना," त्या म्हणाल्या. जुनी डिस्क बदलायची राहिली होती, ती मी पुढच्या महिन्यात बदलली, दिएपची रेकॉर्डिंग आधी नवीवर उतरवून. गेम उघडायला वेळ लागायचा तो त्या डिस्कमुळे. त्यासाठी काही जाळलं नाही.

त्या दिवशी आम्ही कोंबडी खाल्ली. कोंबडी संपली, झाकण बंद होतं, पंखा आमच्याकडे होता आणि आकडा एकोणसत्तरच होता. मग मी दिएपचं एक रेकॉर्डिंग लावलं.

"ए कासवा, उजवीकडे बघ! उजवीकडे! मेलास!" आणि पुढे एक शिवी, जी मी इथे लिहीत नाही.

"तोंड आवर गं," सासूबाई पडद्याकडे बघून म्हणाल्या. "शेजारीपाजारी ऐकतायत." आणि सगळ्यांच्या आधी त्याच हसल्या.

मला शहाणपण शिकवायचं नाही. एवढंच सांगतो. काही अडखळलं तर कोण रागावलंय हे विचारण्याआधी हात लावून बघा, गरम आहे का. काम कुठे तुंबलंय ते शोधा. आणि एखाद्या बाबाने बरं केलं असं वाटलं, तर बाबाला वगळून तेच सगळं एकदा करून बघा. आपलं माणूस गेल्यावर तर नक्कीच बघा, कारण त्या वेळी आपण काहीही द्यायला तयार असतो आणि हातगाडीवाले ते ओळखून असतात.