कळवणाऱ्याचं नाव

“काढलंय कुठे त्याला, सरोजिनीताई? काँट्रॅक्ट संपलं, रिन्यू केलं नाही. खलास,” प्रताप म्हणाले आणि त्यांनी डब्यातलं थालीपीठ माझ्यापुढे केलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. प्रताप आमच्या दोह्यातल्या विमान दुरुस्ती कंपनीचे मेंटेनन्स मॅनेजर, मूळचे पुण्याचे. मी सेफ्टी ऑफिसात, नाशिकजवळच्या ओझरची. आणि ज्याला ‘काढलं नव्हतं’ तो अभिजित, सत्तावीस वर्षांचा, दोन वर्षांच्या करारावर आलेला मेकॅनिक. त्याने एकच गुन्हा केला होता. माझं ऐकलं होतं.

आमच्याकडे युरोपात नोंदलेली विमानं येतात, म्हणून युरोपचे नियम पाळावे लागतात. ते नियम बदलले. आता नुसतं विमान नीट करून भागत नाही. चूक झाली किंवा होता होता राहिली, तर ती कळवण्याची सोय हवी, आणि प्रामाणिकपणे कळवणाऱ्याला शिक्षा करायची नाही. हे मी हँगरमधल्या प्रत्येकाला शिकवलं. अर्धं हिंदीत, अर्धं इंग्रजीत, घसा बसेपर्यंत. लिहा, घाबरू नका, नियम तुमच्या बाजूने आहे, असं सांगत फिरले. मूर्खच मी.

जानेवारीत अभिजितची टॉर्च एका विमानाच्या चाकाच्या कप्प्यात राहिली. कंपनीची हत्यारं आम्ही मोजून परत घेतो. ती मोजणी बरोबर आली, कारण टॉर्च त्याची स्वतःची होती, घरून आणलेली. आमच्याकडे सगळेच घरची टॉर्च खिशात ठेवायचे. कंपनीच्या टॉर्चचा उजेड म्हणजे आनंदच होता. विमान अजून हँगरबाहेर उभं होतं. खिसा रिकामा लागला तसा तो पळत गेला आणि टॉर्च काढून आणली. कुणालाही पत्ता लागला नसता.

तो माझ्याकडे आला. “मॅडम, लिहू का? काही होणार नाही ना?”

“अरे, लिही. मी आहे ना.”

त्याने लिहिलं, नावासकट. त्या एका कागदामुळे खासगी टॉर्च बंद झाल्या आणि कंपनीने चांगल्या आणल्या. तीन महिन्यांनी त्याच्या हातात पत्र पडलं. त्याच्या बायकोने, नुपूरने, नुकतीच दोह्याजवळच्या अल खोर गावातल्या शाळेत नोकरी धरली होती.

त्याच आठवड्यात युरोपहून ऑडिटर बाई आली. नवा नियम पाळता हे दाखवा, म्हणाली. प्रतापनी कुठला कागद पुढे करावा? अभिजितचा! “आमच्याकडे माणसं आपल्या चुका आपण होऊन सांगतात,” असं वर ऐकवलंही. नाकाने कांदे सोलावेत ते यांनीच.

बाई खूश झाली. “या माणसाला भेटता येईल?”

“तो सुट्टीवर आहे,” प्रताप म्हणाले.

“सुट्टीवर नाही,” मी म्हणाले. “हे कळवल्यावर त्याचं काँट्रॅक्ट वाढवलं नाही. गुरुवारी तो देश सोडतोय.”

बाईने चष्मा काढला आणि सगळं लिहून घेतलं. बाहेर कॉरिडॉरमध्ये प्रतापनी मला गाठलं.

“शेवटी मराठी माणूसच मराठी माणसाचे पाय ओढतो.”

“आणि अभिजित कोण होता? जपानी?”

ऑडिटमध्ये त्रुटी नोंदली गेली. सुधारणा करायला तीन महिने मिळाले. मला वाटलं, आता तरी त्याला परत बोलावतील. कंपनीने सुधारणा म्हणून लिहून दिलं: कर्मचाऱ्यांना नव्या नियमांचं पुन्हा प्रशिक्षण. शिकवणार कोण, तर मी. गुरुवारी विमानतळावरून अभिजितचा फोन आला, “मॅडम, तुमचा काही दोष नाही.” त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. केसाने गळा कापला होता मी त्याचा.

प्रशिक्षणाला चाळीस जण बसले. मी तोंड उघडायच्या आत फुजैल उभा राहिला. बारा वर्षं हँगरमध्ये काढलेला माणूस, कधी जास्त बोलत नाही.

“मॅडम, कल को मुझसे कुछ छूट गया, तो लिखूँ?”

चाळीस जोडी डोळे माझ्यावर. हो म्हणावं तर याचाही अभिजित होणार. नाही म्हणावं तर पुढच्या विमानात माणसं बसणार आहेत, पोराबाळांसकट.

“मुझे बताओ,” मी म्हणाले. “लिखूँगी मैं. नाम भी मेरा.”

वर्ग सुटला तरी फुजैल थांबला. दार लावून घेतलं. “मॅडम, कल इंजन पे काम किया. एक क्लॅम्प टाइट किया कि नहीं, याद नहीं आ रहा.”

मी आधी फोन करून विमान थांबवलं. नळी धरून ठेवणारा तो क्लॅम्प सैलच निघाला. मग फॉर्म भरला, कळवणाऱ्याचं नाव म्हणून माझं लिहिलं आणि तो प्रतापच्या टेबलावर आपटला.

त्यांनी तो दोनदा वाचला. “कुणी सांगितलं हे तुम्हाला?”

“नाव लिहिलंय.”

“ताई, तुमचं काँट्रॅक्ट जूनमध्ये संपतंय ना?”

“हो,” मी म्हणाले. “तोवर असे बरेच फॉर्म येतील.”