निरवांगीची पिवळी परात

१९९६ साली निरवांगीत रावजी महाराजांच्या मांडवाला दर रविवारी जत्रेचं रूप यायचं. कावीळ झालेली माणसं रांगेत बसायची. महाराज मंत्र पुटपुटत त्यांच्या हातांवर लोट्यातलं पाणी ओतायचे आणि खालच्या परातीत पिवळंधमक पाणी उतरायचं. रक्तातली कावीळ बोटांतून गळते, असं ते सांगत आणि तीन रविवार गोळ्या-औषधं बंद करायला लावत.

कळंबचा गंगारामही पहिल्या रविवारी हात धुऊन आला. परात पिवळी झाली, पण चार दिवसांत त्याचे डोळे आणखी पिवळे झाले आणि पोटात अन्न ठरेना. त्याची मुलगी करुणा सरकारी भरतीच्या परीक्षेसाठी सामान्य विज्ञानाचं पुस्तक पाठ करत होती. आजार यकृताचा आहे, दवाखान्यात नेऊ, असं तिनं परोपरीनं सांगितलं.

आई पुतळाबाई म्हणाली, "पिवळं पाणी म्या ह्या डोळ्यांनी बगितलंय. तुज्या पुस्तकातलं यकृत कुणी बगितलंय?"

पहिल्या रविवारी बरोबर गेलेल्या करुणानंही ते पाणी पाहिलं होतं. पण आधी महाराजांचा चेला गेणू 'शुद्धी'साठी सगळ्यांच्या हातांना तपकिरी काढा चोळतो, हेही तिनं पाहिलं होतं. त्याला आंब्याच्या सालीचा वास होता आणि महाराजांच्या लोट्याच्या काठाला चुन्याचा पांढरा थर होता. तिनं बांधावरच्या आंब्याची साल उकळली, काढा हाताला लावला आणि आईच्या पानाच्या डब्यातल्या चुन्याची निवळी वर ओतली. हात पिवळे झाले.

दुसऱ्या रविवारी ती वडिलांच्या पुढे रांगेत बसली. काढा लागला, परात पिवळी झाली. हिला जुनी कावीळ आहे, पाच रविवार लागतील, असं महाराजांनी जाहीर केलं. करुणा नळावर गेली, साबणानं हात खसाखसा धुऊन आली आणि काढा न लावता पुन्हा पाणी ओतायला लावलं. पाणी स्वच्छ उतरलं.

"पाच रविवारचं काम एका झटक्यात झालं," महाराजांनी सांगून टाकलं.

तिनं लोटा उचलला आणि उरलेलं पाणी गेणूच्या हातांवर रिकामं केलं. सकाळपासून काढ्यात बुडालेले ते हात हळदीनं माखल्यासारखे दिसू लागले.

"गेणूदादा, तुमाला तर आदी दवाखान्यात न्याया पायजे," ती म्हणाली.

मांडवात हसू पिकलं. मग तिनं साल आणि चुना यांचा खेळ सगळ्यांना समजावून सांगितला. नवऱ्याच्या दंडाला धरून पुतळाबाई एसटीच्या थांब्याकडे चालू लागली.

यकृताला सूज होती. आणखी आठ दिवस काढले असते तर अवघड होतं, असं इंदापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं. गंगाराम दीड महिन्यानं उठून शेतात गेला. महाराज आता दुसऱ्या तालुक्यात मधुमेह उतरवतात म्हणे.

यकृतावर परीक्षेत एका गुणाचा प्रश्न येतो, म्हणून आपण ते पाठ करतो. तेच यकृत आपल्या घरच्या माणसाच्या पोटातही असतं, एवढं मात्र विसरतो. कुठं परात पिवळी होताना दिसली, तर आधी धडधाकट माणसाचे हात तिच्यावर धुऊन बघा, आणि आजारी माणसाला डॉक्टरकडे न्या.