उंबऱ्यावरची फुंकर

दारू सोडून मी ताईकडे राहायला आलो, तेव्हा माझी हाडं लांबूनही मोजता आली असती. ताई म्हणजे आमच्या घरातली फौजदार. तिने पहिल्याच दिवशी बजावलं, की रोज कामावरून आलास की उंबऱ्यावर उभं राहून माझ्या तोंडावर फुंकर मारायची, वास नसला तरच आत यायचं आणि मग पोटभर जेवायचं. भावोजी हळूच म्हणाले, की फुंकर सोपी आहे रे, जेवणच अवघड जाईल.

तसंच झालं. सकाळी भरपूर साखर घातलेलं दूध, डब्यात भाताचा डोंगर, रात्री पुन्हा भात, बटाटे आणि वर केळी. नको म्हटलं की तिचा एकच सवाल, बाटलीला कधी नको म्हणालास का? दारू सोडवणाऱ्या डॉक्टरांनी जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या होत्या, एकही चुकवू नका म्हणून बजावलं होतं. ताईने त्या चहाच्या डब्यामागे ठेवून दिल्या. एक सवय मोठ्या मुश्किलीने सुटली, आता गोळ्यांची कशाला लावून घेतोस, असं तिचं म्हणणं. मलाही ते पटलं.

मी दुकानांच्या पाट्या रंगवतो. हाताची थरथर गेली होती, मालकाने पुन्हा ब्रश हातात दिला होता आणि मी खूश होतो. त्या दुपारी एका पाटीवर सरळ रेघ ओढली आणि तिच्या दोन रेघा झाल्या. डोळे चोळले, तरी दोनच. शिडीवरून उतरलो तर पायाखालची जमीन हलायला लागली. मालकाने माझ्याकडे एकदा पाहिलं, ब्रश काढून घेतला आणि घरी जा म्हणाला. मी भिंत धरून चालताना कोपऱ्यावरचा न्हावी गिऱ्हाइकाला म्हणाला, पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

उंबऱ्यावर मी फुंकर मारली. ताईने पुन्हा मारायला लावली. दोन्ही वेळा तिने हुंगून बघितलं आणि मग माझ्या लटपटत्या पायांकडे बघितलं.

“वास न येणारी शोधलीस वाटतं,” ती म्हणाली. “खरं सांग, बारक्या. प्यायलास ना?”

मी आठवायला गेलो, तर त्या घडीला दुपार आठवेचना. आजवर माझे पाय एकाच कारणाने लटपटले होते, मग आज दुसऱ्या कशाने लटपटतील?

“असेन,” मी म्हणालो. “हो ताई. प्यायलो.”

तिने माझ्या थोबाडीत मारली. आयुष्यात कधी हात उगारला नव्हता तिने. माझी पिशवी जिन्यात फेकली, दार लावलं आणि आत मोठमोठ्याने रडू लागली. मी पायरीवर बसलो तो मला उठताच येईना. भावोजी आले, त्यांनी माझी हनुवटी वर केली आणि घाबरून ताईला हाक मारली, की याची बुबुळं बघ कशी नाचतायत. मला उचलूनच त्यांनी दवाखान्यात नेलं.

इंजेक्शनं सुरू झाली. डोकं जरा ताळ्यावर आलं तेव्हा डॉक्टरीणबाई ताईला समजावत होत्या. रक्तात दारूचा थेंबही नव्हता. दारूने अंगातलं एक जीवनसत्त्व पार संपवलेलं असतं, ते न भरता नुसता भात आणि साखर पोटात गेली की उरलंसुरलंही खर्च होतं आणि मेंदूवर बेततं. त्यासाठीच तर दारू सोडवताना गोळ्या देतात, त्या कुठे आहेत, असं त्यांनी विचारलं. आमची फौजदार मटकन खाली बसली.

मी मात्र पहिल्याच वाक्यावर अडकलो होतो. माझा विश्वास बसेना.

“ताई, नक्की? मी प्यायलोच नव्हतो?”

“नाही रे राजा,” ती म्हणाली. “वास नव्हताच. तेव्हाही नव्हता.”

तिच्या नाकाला खरं कळलं होतं. तरी तिचा माझ्यावर विश्वास नव्हता, आणि माझा तर त्याहून नव्हता. मी न केलेला गुन्हा कबूल करून बसलो होतो.

अजून भिंत धरूनच चालतो. हातात ब्रश पुन्हा कधी येईल, ते डॉक्टरीणबाईही सांगत नाहीत. घरी आणलं त्या संध्याकाळी सवयीने उंबऱ्यावर थांबलो आणि फुंकर मारायला तोंड पुढे केलं. ताईने पटकन माझ्या तोंडावर हात ठेवला.

“आत ये,” ती म्हणाली. “आधी गोळी घे. मग थोडंसंच वाढते.”