पाच मैलांचा दगड

लार्टरकाका दगड वर काढणार ही बातमी मला कळली आणि मी शाळेतून घरापर्यंत सायकल अशी हाणली, की शेजारच्या कोंबड्या अजून मला बघून पळतात.

"आई! बाबांचा दगड निघतोय!"

आईने अंगावरचा एप्रनसुद्धा काढला नाही.

इंग्लंडात आमच्या नॉरफकमधले मैलाचे दगड एकोणीसशे चाळीस साली पुरले होते. जर्मन उतरलेच, तर त्यांना रस्ता सापडू नये म्हणून. बाबा लार्टरकाकांबरोबर रस्त्यांच्या कामावर होते. दगडावर कोरलेलं सगळं झिजून गेलेलं, त्यामुळे दर वसंतात अक्षरं, आकडे तेच आपल्या अंदाजाने रंगवायचे. त्या वर्षी रंग वाळतो न वाळतो तोच हुकूम आला. बाबांनी आणि लार्टरकाकांनी वळणावरचा दगड कुंपणाच्या चरात पुरला. मग बाबा सैन्यात गेले आणि सिंगापूरला जपान्यांच्या कैदेतच वारले. थडगं कुठे, ते कुणी सांगत नाही. लढाई संपून दोन वर्षं झाली. आईला बघायला आता बाबांच्या हातचं एवढंच उरलं होतं.

"रूबेनचा पाचाचा आकडा बघ हं," वाटेत ती बाबांचं नाव घेत म्हणाली. "जेवून उठलेल्या पाद्र्यासारखं पोट!" आणि चक्क हसली.

काका गुडघाभर चिखलात होते. मला बघून म्हणाले, "मेव्हिस, बघतेस काय? तोंडाइतके हात चालव की!"

"तुम्ही पहारीला टेकून झोपलात, म्हटलं उठवू कशाला!"

दोर लावून आम्ही ओढला. दगड मातीने लडबडलेला. मी बादली उचलली, तर आई म्हणाली, "तू नको. मी." रुमाल ओला करून तिने बाळाचं तोंड पुसावं तसा दगड पुसायला घेतला.

पाचाचं पोट दिसलं! काळंभोर, गलेलठ्ठ! मी ओरडलेच.

आईने पुन्हा रुमाल फिरवला आणि ते पोट पापुद्र्यासारखं निघून रुमालात आलं.

"थांब गं, एथेल," काका पुटपुटले. "ओल धरलीय. वाळू दे. बाकीचं राहील."

आम्ही गवतात बसून राहिलो. ऊन पडलं, दगड वाळला, आणि उरलेला रंगही आपसूक सुटत गेला. कुणी हात लावला नव्हता.

काकांनी रंगाचा डबा पायामागे सरकवला. "आज राहू दे. मी नंतर येईन."

"नाही, रंग लाव आत्ताच," आई म्हणाली. "येणाऱ्याजाणाऱ्याला गाव किती लांब आहे ते कळायला नको?"

घरी जाताना मी रिकामी बादली घेऊन मागून येत होते. आई पुढे चालत होती. मुठीतल्या रुमालाचं काळं पाणी तिच्या एप्रनवर ठिबकत होतं, पण तिने तो पिळला नाही.