नरनाळा पाहून आलेली बाज

मी बाज बोलतेय. हिवरखेडच्या मनकर्णाबाईंच्या अंगणातली. बाभळीचे पाय, अंबाडीच्या दोरीची वीण आणि मधोमध जरा झोळ. आम्हा बाजांवर दिवसा मिरच्या वाळतात, रात्री माणसं झोपतात. अंगण सोडून आम्ही कुठे जात नाही. मी मात्र किल्ला पाहून आले.

ते कापसाचे दिवस होते. सातासमुद्रापार कुठे लढाई पेटली होती म्हणे, आणि आमच्या काळ्या रानातल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता. लोकांनी वांग्यांचे वाफे मोडून कापूस पेरला. अशाच एका भरल्या गाडीवर कापूस तुडवताना मनकर्णाबाई खाली पडल्या आणि त्यांची कंबर गेली. तेव्हापासून त्या दिवसभर माझ्यावर बसायच्या. समोर सातपुड्याची निळी रेघ. तिथे नरनाळा किल्ला आहे, एवढंच त्यांना ठाऊक.

कापूस विकून आल्यावर मुलाने, भगवंतने, विचारलं, "माय, तुले पाटल्या करू का?"

"पाटल्या घालून बाजेवरच बसाव लागते," त्या म्हणाल्या. "मले नरनाळा दाखव. जलमभर दुरूनच पाह्यला."

भगवंत हसला. त्याची बायको कौशल्या हसली नाही. "बाजेसकट नेऊ," ती म्हणाली.

पौषातल्या थंडीत आम्ही निघालो. डोंगराच्या पायथ्याशी गाडीवाट संपली. मला खाली उतरवून दोन लांब बांबू बांधले, मनकर्णाबाईंना वर बसवलं. खांदे द्यायला भगवंत, त्याचे दोन चुलतभाऊ आणि शेजारचे नत्थुजी. तिघांनी बांबूला हात घातला. नत्थुजी मागे सरले.

"जित्त्या मानसाले चौघांनी खांदा द्यायचा?" ते म्हणाले. "उद्या काही झालं तं माह्या माथी येईन."

चुलतभावांनीही हात काढून घेतले. मनकर्णाबाईंनी माझी दोरी मुठीत धरली होती, ती मूठ सैल झाली.

"चाला मंग घरी," त्या हळूच म्हणाल्या.

कौशल्येने पदर खोचला. "नत्थुजी, तिरडीले बाई खांदा देते का?"

"नाही देत."

"मंग चवथा खांदा माहा. बाईचा खांदा लागला म्हनजे हे तिरडी नोहे."

चुलतभावांनी एकमेकांकडे पाहिलं आणि पुन्हा बांबू धरले.

कौशल्या बुटकी. तिच्या बाजूला मी सगळी वाट कललेली आणि मनकर्णाबाई तिकडेच घसरायच्या. "सूनबाई, टाचा उचल," त्या म्हणायच्या आणि दोघी हसायच्या. सागाची गळालेली पानं पायांखाली करकरत होती. एका बाजूला दरी इतकी खोल की तळातले बांबू गवतासारखे दिसत. नत्थुजी भाकरीचं गाठोडं घेऊन मागे येत होते.

मोठ्या दरवाजाशी मनकर्णाबाईंनी मला भिंतीजवळ ठेवायला लावलं. दगडात कोरलेल्या नक्षीवरून त्यांनी बोटं फिरवली. "गोटा हाये का लोनी?" त्या म्हणाल्या. वर गेल्यावर तलाव पाहिला, लांबलचक तोफ पाहिली. तोफेवर हात ठेवून त्या म्हणाल्या, "आख्ख्या घरचे लुगडे वाळतीन इच्यावर."

मग कड्याशी नेलं. खाली सगळं वऱ्हाड पसरलेलं. आपलं वावर कुठलं, यावर भगवंतचं आणि त्याच्या चुलतभावांचं भांडण जुंपलं. प्रत्येकाचं बोट वेगळीकडे. मनकर्णाबाईंनी त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही.

"तिथून मी इकडं पाहो," त्या कौशल्येला म्हणाल्या. "आता इथून तिकडं पाहून राहिली."

तिने सासूच्या पाठीवर हात ठेवला. कौशल्येचा खांदा लालभडक झाला होता.

उतरताना नत्थुजींनी तिच्या हातातून बांबू घेतला. "तुमी भाकरी धरा," एवढंच म्हणाले.

आता अंजनगाव सुर्जीकडून कोणीही आलं की मनकर्णाबाई तिकडच्या गाविलगड किल्ल्याची वाट विचारतात. माझा एक पाय चिरला आहे आणि सुतार म्हणतो, नवी बाज करा. त्याचं ऐकू नका. तेवढा पाय बदला, दोरी ताणून घट्ट करा. गाविलगडची चढण मलाही पाहायची आहे.